फाटकात आडवी गाडी आणि आईच्या डायलिसिसची वेळ

प्रश्न थोडक्यात असा आहे: कोथरूडच्या एका आतल्या गल्लीत प्रश्न विचारणाऱ्यांचा जुना बंगला. दोन वर्षांपूर्वी समोरच्या इमारतीत खाली दवाखाना आणि वर क्लास सुरू झाला, कोपऱ्यावर मंगल कार्यालय आधीपासून आहेच. रोज कुणाची तरी चारचाकी फाटकात आडवी असते. आईला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागतं. 'येथे गाडी लावल्यास हवा सोडली जाईल' असा बोर्ड लावून झाला, भांडणं झाली, शेवटी एकदा खरंच हवा सोडली. तर गाडीवालाच चौकीत जाऊन यांच्याविरुद्ध तक्रार देऊन आला. आता काय करावं?

मी सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. त्यातली 14 वर्षं वाहतूक शाखेत गेली, आणि त्या 14 वर्षांत 'फाटकात गाडी लावलीय' हा फोन आला नाही असा आठवडा मला आठवत नाही. तेव्हा सरळच बोलतो, राग मानू नका.

हवा सोडली ती चूक. नीतीची गोष्ट बाजूला ठेवा, हिशेबच चुकला. तुम्हाला गाडी हलवून हवी होती आणि तुम्ही तिला हलता येणार नाही अशी करून ठेवली. तो माणूस आला तेव्हा एका मिनिटात निघून गेला असता. त्याऐवजी पंक्चरवाला शोधणं, स्टेपनी काढणं यात त्याचा तास गेला असणार, आणि तेवढा वेळ फाटक तुमचंच अडलेलं. शिवाय दुसऱ्याच्या मालमत्तेचं जाणूनबुजून नुकसान किंवा खोळंबा केला की भारतीय न्याय संहितेचं कलम 324 येतं. पूर्वी, जुन्या दंड संहितेत, आपण याला 425, 426 म्हणायचो. किरकोळ नुकसान असेल तर मामला अदखलपात्र, चौकीत एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, करून घेतात आणि बहुतेक वेळा तिथंच थांबतो. टायर फाटला, काचेवर दगड मारला, किल्लीने ओरखडा काढला आणि खर्च 20 हजारांच्या वर गेला, तर शिक्षेची मर्यादा एकदम 2 वर्षांवर जाते. रंगकामाचं बिल 20 हजारांवर जायला हल्ली दोन दरवाजे पुरतात. तुमच्या प्रकरणात त्या माणसाला एक फोन करा, पंक्चरवाल्याचे पैसे देऊ करा, मिटवून टाका. पुढे आलंच काही तर वकिलाला कागद दाखवा.

आता मूळ दुखणं. लोकांना वाटतं, फाटकासमोर गाडी लावणारा माणूस माजोरडा असतो. असतात तसे काही. पण मी पावत्या फाडल्या त्यातले बहुतेक घाईतले, गावात नवखे, आणि 'हे फाटक वापरात नाही' असं मनाशी ठरवून मोकळे झालेले होते. हे शेवटचं नीट लक्षात घ्या. गाडी लावणारा दोन सेकंदांत तुमचं फाटक बघतो. कडीला गंजलेलं कुलूप आहे, खाली पाचोळा साठलाय, बोगनवेल अर्ध्या फाटकावर आलीय, पुढ्यात तुमचीच स्कूटर आडवी लावलीय. त्याच्या लेखी ते फाटक मेलेलं असतं.

मी स्वतः हे केलेलं आहे. मेहुण्याला मिरजेच्या एका दवाखान्यात ठेवलं होतं. मिरजेत दवाखाने किती आणि गल्ल्या किती अरुंद हे ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको. एका जुन्या वाड्याच्या फाटकासमोर गाडी लावली. फाटकाचा हिरवा रंग उडालेला, खाली गवत उगवलेलं. दोन तासांनी परत आलो तर गाडीशेजारी लोखंडी घडीची खुर्ची टाकून एक आजोबा बसलेले. पायाशी एक पिशवी आणि एक जुनी सूटकेस. उठले नाहीत, ओरडले नाहीत. म्हणाले, "चारची गाडी होती. गेली." मी वाहतूक शाखेतला माणूस, साध्या कपड्यांत, काय बोलणार? स्टेशनावर सोडतो म्हटलं, पुढच्या गाडीचं तिकीट काढून देतो म्हटलं. नको म्हणाले. खुर्ची घडी केली आणि आत गेले. त्यानंतर कुठल्याही फाटकासमोर जाताना मी आधी जमीन बघतो, चाकांच्या खुणा आहेत का ते.

म्हणून पहिलं काम फाटकाचं. वेल छाटा, पाचोळा रोज काढा, खांबांना पिवळे-काळे पट्टे मारा, दोन्ही खांबांवर लाल रिफ्लेक्टर लावा, वर एक दिवा रात्रभर चालू ठेवा. तुमची स्कूटर फाटकासमोर लावणं आजपासून बंद. 'आमचंच फाटक आहे, आम्ही लावू' हे तुमच्या दृष्टीने बरोबर, पण रस्त्यावरच्याला त्यातून एवढंच कळतं की इथे गाडी लावली तर चालतं.

बोर्डाचंही तसंच. पुणेरी पाट्यांचं कौतुक मला आहे, पण पाटी ही पायी जाणाऱ्यासाठी असते. ती वाचून तो हसतो आणि फोटो काढतो. तुम्हाला बोर्ड हवाय तो गाडीत बसलेल्या माणसासाठी, काच वर, गाणी चालू, संध्याकाळचे साडेसात. त्याला वीतभर उंचीची अक्षरं लागतात आणि बोर्ड त्याच्या डोळ्याच्या उंचीला, म्हणजे जमिनीपासून साधारण चार फुटांवर. बहुतेक लोक लावतात सहा-सात फुटांवर, दत्ताच्या फोटोसारखा. दुसरी गंमत: बोर्ड फाटकाच्या पल्ल्यावर असतो, आणि दिवसा पल्ले आत उघडून ठेवलेले. म्हणजे बोर्ड आतल्या जास्वंदीला वाचायला मिळतो. बोर्ड खांबावर लावा. मजकुरात धमकी नको, टोमणा नको. धमकी वाचून गाडी पुढे नेणारे थोडे, 'बघू काय करतो' म्हणणारे जास्त.

आता गाडी आडवी लागलेलीच आहे आणि तुम्हाला निघायचंय, अशा वेळी काय?

आधी बॉनेटला हात लावून बघा. गरम असेल तर माणूस आत्ताच उतरलाय, अजून दवाखान्याच्या पायरीवर असेल. गार असेल तर शोधावं लागेल. मग काचेतून आत बघा, हात न लावता. डॅशबोर्डवर हल्ली बरेच लोक मोबाईल नंबरची पट्टी ठेवतात. ती नसेल तर काचेवर सोसायटीचा स्टिकर असतो, त्यावर कधीकधी फ्लॅट नंबरही. मागच्या सीटवर लग्नाची पत्रिका, आहेराचं पाकीट, क्लासची बॅग, एक्स-रेचा मोठा लिफाफा. यातलं एक जरी दिसलं तरी कुठे जायचं ते कळलं. पिवळी पाटी असेल तर ड्रायव्हर जवळच असतो, चहाच्या टपरीवर हाक मारा. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं म्हणजे भाड्याने घेऊन स्वतः चालवायची गाडी. तिचा नोंदणीतला मालक शोधून काही उपयोग नाही, तो भलत्याच ठिकाणी असतो.

सरकारी ॲपवर नंबर टाकला की गाडीची माहिती येते, पण मालकाचं नाव अर्धं झाकलेलं असतं आणि फोन नंबर मिळत नाही. तो पोलिसांना मिळतो. ओळखीच्या एजंटाकडून काढून घेतात काही लोक. तसं करू नका. अनोळखी माणसाच्या घरच्यांना रात्री फोन गेला की भांडणाचं स्वरूपच बदलतं.

दवाखान्यात गेलात तर थेट डॉक्टरांच्या दारावर थाप मारू नका. काउंटरवरच्या ताईंना चिठ्ठी द्या: नंबर, कंपनी, रंग. मंगल कार्यालयात असेल तर माईक असतोच. फक्त 'पांढरी स्विफ्ट' एवढं सांगून भागत नाही, निम्म्या वऱ्हाडाकडे तीच असते. पूर्ण नंबर कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या. सनईत तोंडी सांगितलेला नंबर बरोबर पुकारला गेलेला मी तरी ऐकलेला नाही.

माणूस सापडला की पहिलं वाक्य महत्त्वाचं. "दादा, आईला दवाखान्यात न्यायचंय, गाडी एवढी पुढे घेता का?" बास. फाटकाचा उल्लेख नाही, नियमाचा नाही, बोर्डाचा तर नाहीच. त्याला चूक माहीत असते. तुम्ही ती बोलून दाखवली की तो स्वतःच्या बचावाला लागतो, आणि गाडी तिथेच राहते. तोंडासमोर मोबाईल धरून शूटिंगही करू नका. फोटो काढायचे ते तो यायच्या आधी. एका फोटोत नंबरप्लेट आणि तुमचं फाटक दोन्ही दिसलं पाहिजे, नुसत्या प्लेटच्या फोटोचा उपयोग नाही. दहा मिनिटांनी तिथूनच दुसरा. दारू प्यायलेला वाटला किंवा अंगावर आला तर फाटक लावून आत या आणि 112 लावा.

पोलिसांना फोन कधी करायचा? माणूस शोधायला पाच-सात मिनिटं घालवून झाली की. आणि फोनवर काय बोलायचं ते आधी ठरवून घ्या. 'आमच्या इथे लोक कायम गाड्या लावतात, कुणी लक्षच देत नाही' असं सुरू केलंत की पलीकडच्याने पेन खाली ठेवलं समजा. असं बोला: "घराच्या फाटकात चारचाकी आडवी आहे. आमची गाडी आत अडकलीय. 78 वर्षांच्या पेशंटला डायलिसिसला न्यायचंय. गाडीचा नंबर अमुक, खूण अमुक मंगल कार्यालयाच्या मागची गल्ली, डावीकडे तिसरं घर." आईचं खरं वय सांगा, हे मी उदाहरण दिलं. 'आत अडकलीय' हा शब्द महत्त्वाचा. गाडी बाहेर आहे आणि आत घ्यायची आहे, ही अडचण. आत अडकली आणि बाहेर निघता येत नाही, ही निकड. माणूस पाठवताना आम्ही हा फरक करतो.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण ती कुणी सांगत नाही. येणारा हवालदार जॅमर लावायला निघाला तर हात जोडून नको म्हणा. जॅमर म्हणजे चाकाला कुलूप. गाडीवाल्याला अद्दल घडेल, दंड भरेल, सगळं खरं, पण तो येऊन पैसे भरेपर्यंत गाडी तुमच्याच फाटकात खिळलेली. तुम्हाला क्रेन हवी. आणि दुचाक्या उचलणारा टेम्पो आला तर त्याचा उपयोग नाही, म्हणून फोनवरच 'चारचाकी आहे, चारचाकीची क्रेन' हे स्पष्ट सांगा. चारचाकीच्या क्रेन कमी असतात. गणपतीच्या दहा दिवसांत तर विचारूच नका.

कायदा काय म्हणतो तेही माहीत असू द्या, हवालदाराशी हुज्जत घालायला नव्हे, नेमकं बोलता यावं म्हणून. मोटार वाहन कायदा 1988, कलम 122: सार्वजनिक जागी दुसऱ्याला अडथळा किंवा विनाकारण गैरसोय होईल अशी गाडी उभी करायची नाही. दंड कलम 177 प्रमाणे, पहिल्यांदा 500, पुन्हा केलं तर 1500 रुपये. महाराष्ट्रात हे वाढीव दर डिसेंबर 2021 पासून लागू झाले, त्याआधी रक्कम इतकी किरकोळ होती की लोक हसत भरायचे. रस्त्याच्या नियमांत 1989 पासून आवाराचं प्रवेशद्वार अडवून गाडी लावायला स्पष्ट बंदी आहे. त्या नियमांच्या जागी 2017 मध्ये नवे विनियम आले तरी ही गोष्ट बदललेली नाही. म्हणजे फाटक अडवायला मनाई आहेच, त्यासाठी 'नो पार्किंग'चा सरकारी फलक लागत नाही. 'इथे फलक कुठाय?' असं गाडीवाला विचारतो तेव्हा त्याला हे सांगायचं.

उचलण्याचं कलम 127. इथे एक घोटाळा नेहमी होतो. कुणीतरी सांगतं, गाडी 10 तास बेवारस असल्याशिवाय उचलता येत नाही. कलमात 10 तास आहेत, खरं आहे. पण पुढे 'किंवा' आहे: किंवा जिथे गाडी लावायला कायद्याने मनाई आहे तिथे लावली असेल. गणवेशातला पोलीस अधिकारी अशी गाडी हलवायला सांगू शकतो आणि उचलण्याचा खर्च मालकाच्या माथी. त्या 'किंवा'वर बोट ठेवा, नम्रपणे.

आता तुमच्या बाजूची पथ्यं. फाटकापुढचा रस्ता तुमचा नाही. कुंड्या, रंगाचे डबे, सिमेंट भरलेले ड्रम, साखळी, यातलं काही रस्त्यावर ठेवलं तर ते अतिक्रमण. रात्री एखादा दुचाकीवाला त्यावर आपटला तर तुम्ही गोत्यात. फाटकाच्या रुंदीएवढी वाट मोकळी मिळणं हा तुमचा हक्क. फाटकाच्या शेजारची भिंतीलगतची जागा, 'आमच्या घरासमोरची' म्हणून, तुमची होत नाही. तिथे परक्याने गाडी लावली तर तक्रारीला जागा नाही. फाटकासमोर, रस्त्याच्या पलीकडे लावली असेल तर प्रश्न नाजूक आहे. गल्ली 20 फुटांची असेल तर समोरच्या गाडीमुळे तुम्हाला वळवून निघता येत नाही, हे मला कळतं. पण ती गाडी फाटकात आहे असं म्हणता येत नाही. तिथे विनंती चालते, फार तर सगळ्या गल्लीने मिळून सम-विषम तारखांच्या पार्किंगची मागणी करावी. पुण्यात पी-वन, पी-टू ते हेच. अर्ज वाहतूक शाखेच्या उपायुक्तांच्या नावे, सगळ्या घरांच्या सह्या, महिनाभराची तारीखवार नोंद आणि फोटो. एका घराच्या अर्जाला आणि बारा घरांच्या अर्जाला मिळणारं उत्तर सारखं नसतं, हे मी आतून बघितलंय.

माझ्या मते खरा तोडगा मात्र पोलिसांकडे नाही, तुमच्या गल्लीतच आहे. गाडीवाले रोज नवे, पण ते येतात तीनच जागांसाठी. दवाखाना, क्लास, मंगल कार्यालय. तुम्ही दोन वर्षं गाडीवाल्यांशी भांडताय, या तिघांशी एकदा तरी बसून बोललात का? आमच्या हद्दीत अशाच एका गल्लीत लग्नाच्या दिवशी हमखास मारामारीपर्यंत यायचं. शेवटी एका बाईंनी, बंगल्यात एकट्या राहायच्या, कार्यालयाच्या व्यवस्थापकाला घरी बोलावून चहा पाजला आणि तुळशीच्या लग्नानंतरचे सगळे मुहूर्त कॅलेंडरवर खुणा करून त्याच्या हातात दिले. म्हणाल्या, "एवढ्या दिवशी माझ्या फाटकाशी तुमचा एक माणूस हवा." त्याने वॉचमनला दोन प्लॅस्टिकचे कोन देऊन उभा केला. कोन गर्दीपुरते ठेवायचे आणि संपली की उचलायचे, म्हणून कुणाची हरकत नाही. वॉचमनला बाईंकडून चहा आणि मुहूर्ताच्या दिवशी जिलबी. त्या गल्लीतून नंतर मला फोन आला नाही.

दवाखान्याचं सोपं आहे. 'समोरच्या फाटकात गाडी लावू नये, आत रुग्ण आहे' ही सूचना त्यांच्या दारावर, त्यांच्या लेटरहेडवर लावून घ्या. डॉक्टरांची सूचना पेशंट ऐकतो. क्लासचं अवघड, कारण आईबाप पाच मिनिटांसाठी गाडी चालू ठेवून थांबतात आणि 'आम्ही गाडीतच आहोत ना' म्हणतात. पण गाडीत माणूस असेल तर हलतेही ती लगेच. क्लासच्या सरांना पालकांच्या ग्रुपवर तुमच्या फाटकाचा फोटो टाकायला सांगा.

आणि आईच्या वेळेचं म्हणाल तर ती या सगळ्यावर सोडू नका. डायलिसिसच्या आदल्या रात्री तुमची गाडी बाहेर काढून ठेवा, फाटकात नव्हे, भिंतीलगत पुढे, निघायच्या दिशेला तोंड करून. ओळखीच्या एका रिक्षावाल्याचा नंबर आईच्या फाइलवरच लिहून ठेवा. गाडी अडकली तर दहा मिनिटांच्या वर वाट बघायची नाही, आईला खुर्चीवर बसवून रिक्षापर्यंत न्यायचं, गाडीवाल्याचं नंतर बघू. तब्येत बिघडली तर थेट 108.

राहिला बोर्ड. 'हवा सोडली जाईल' हा आजच उतरवा. ज्याची हवा सोडली त्याने या बोर्डाचा फोटो काढून चौकीत दिलाच असेल, कारण तुम्ही हवा ठरवून सोडलीत याचा त्याच्याकडे तेवढाच लेखी पुरावा आहे. नव्या बोर्डावर तीन ओळी पुरेत, पांढऱ्यावर लाल, दोन्ही खांबांवर:

फाटक चालू आहे.
आत रुग्ण आहे, गाडी कधीही निघते.
गाडी हलवण्यासाठी फोन: (तुमचा नंबर)

नंबर कशाला, असं तुमच्या घरात कुणीतरी म्हणेलच. ज्याला पाच मिनिटं थांबायचंच आहे तो आधी फोन करून विचारेल, आणि तुम्हाला त्याचा नंबर आपोआप मिळेल.